खोली स्वस्त, प्रवास महाग

वाशिम, रिसोडहून संध्याकाळी निघालेली ट्रॅव्हल्स सकाळी पुण्यात वाघोलीला थांबते. बॅगा घेऊन उतरणाऱ्या पोरांपुढे पहिला प्रश्न, राहायचं कुठे? वाशिम जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला, पण मोठे उद्योग तिथे फारसे आले नाहीत. शेती सोयाबीन-तुरीची, बहुतांशी पावसावरची. म्हणून पुणं.

कामाजवळ भाडं जास्त, लांब कमी, हे सगळेच जाणतात. असं का, ते शहरी अर्थशास्त्राचे अभ्यासक विल्यम अलोन्सो यांनी १९६४ मध्ये मांडलं. रोजगाराच्या केंद्राजवळची जागा मोजकी असते आणि प्रवास वाचवायला लोक जादा पैसे द्यायला तयार असतात. म्हणजे भाड्यात वाचलेल्या वेळेची किंमतही धरलेली असते.

पण लांब राहण्यालाही मर्यादा आहे. इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्चेटी यांनी १९९४ मध्ये मांडलं, की माणूस दिवसाला सरासरी तासभर प्रवास करतो. वाघोलीहून आयटी कंपन्यांच्या हिंजवडीपर्यंत सुमारे ३० किलोमीटर; कोंडीत एका फेरीतच तो तास उलटून जातो. मग पोरं कामाजवळ ‘कॉट बेसिस’वर राहतात. एका खोलीत चार कॉट, पत्र्याचं कपाट दोघांत एक, डबा मेसचा. वेळ वाचतो, जागा आक्रसते. यात त्यांची चूक नाही. कामाजवळ परवडणारी भाड्याची घरं उभी राहिली नाहीत, ही शहराच्या नियोजनाची चूक आहे.

गावाकडून येणाऱ्यांनो, खोली ठरवताना भाड्यात बसचा पास आणि रोजचे तास दोन्ही मिळवा, मगच डिपॉझिट द्या.