‘क्रॅक’ नेमका कुणाचा?

आपल्याकडे एखाद्याला ‘क्रॅक’ म्हटलं तर भांडण व्हायचं. आयर्लंडमध्ये मात्र ‘तो भारी क्रॅक आहे’ असं कुणी म्हणालं, तर समजावं की त्या माणसाच्या संगतीत मजा येते. मंडळी, या आयरिश क्रॅकला मराठीत नेमका प्रतिशब्द मला सापडलेला नाही. गप्पा, थट्टामस्करी, गाणं-बजावणं आणि चार माणसं जमल्यावर चढणारा रंग, हे सगळं त्यात येतं. रात्र फारच रंगली तर ‘क्रॅक नव्वद होता’ म्हणतात. नव्वदच का, ते विचारू नये! एखादा अगदीच रुक्ष असेल तर त्याचा क्रॅक ‘उणे’.

पबच्या पाट्यांवर हा शब्द आयरिश वळणाने लिहितात : सी, आर, ए, आय, सी. पारंपरिक आयरिश वर्णमालेत अठराच अक्षरं, त्यांत ‘के’ नाही. हा वेश पाहून पर्यटकाला वाटतं, शब्द थेट प्राचीन काळातून आलाय.

तसं अजिबात नाही. मूळ शब्द इंग्रजीच. क्रॅक म्हणजे काडकन होणारा आवाज. त्यावरून मोठ्याने बोलणं, बढाई मारणं आणि पुढे स्कॉटलंड व उत्तर इंग्लंडच्या बोलींत नुसत्या गप्पा. अठराव्या शतकातले स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स तो गप्पा याच अर्थाने वापरतात. स्कॉटलंडहून येऊन वसलेल्या लोकांमुळे अल्स्टरच्या बोलीत स्कॉटिश शब्द पुष्कळ. तिथून हा आयरिश भाषेत शिरला आणि १९७७च्या नीअल ओ डोनल यांच्या कोशात पोचला. त्याच सुमारास एका लोकप्रिय आयरिश दूरचित्रवाणी कार्यक्रमाने ‘गाणं, गप्पा आणि क्रॅक’ हे त्रिकूट घरोघरी नेलं. मग इंग्रजीनेच आपला जुना शब्द आयरिश कपड्यांत परत घेतला.

काही भाषाभ्यासकांना हा वेशपालट खपत नाही. इंग्रजी-स्कॉटिश शब्दाला उगाच गेलिक टोपी कशाला, असं त्यांचं म्हणणं. व्युत्पत्ती त्यांच्या बाजूची आहे, हे खरं. पण २०२२च्या आयर्लंडच्या जनगणनेत शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे जेमतेम बहात्तर हजार निघाले, तेही एक्कावन्न लाखांच्या देशात. तिथे पाटीवरचं एवढंसं आयरिश रूपही लोकांना सोडवत नाही, यात मला नवल वाटत नाही.

तिकडे गेलात आणि कुणी ‘काय क्रॅक?’ विचारलं तर गोंधळू नका. ‘विशेष काही नाही, तुमचं काय?’ एवढं उत्तर पुरतं.