बायोडाटा : लग्नाचा आणि नोकरीचा

मराठी घरात ‘बायोडाटा’ हा शब्द दोन वेळा निघतो. एकदा स्थळे पाहायला सुरुवात झाली की, आणि एकदा मुलाच्या किंवा मुलीच्या हातात पदवी पडली की. गंमत अशी, की पुष्कळदा दोन्ही कागद एकाच साच्यातून निघालेले असतात. वडिलांचे नाव, त्यांचा हुद्दा, भावंडे, धर्म, जात, कधी कधी उंचीसुद्धा! फरक एवढाच, की एकात रास-नक्षत्र असते आणि दुसऱ्यात दहावीपासूनची टक्केवारी.

नोकरी देणाऱ्याला आपल्या घराण्याशी कर्तव्य नसते. त्याचे काम अडलेले असते आणि ते कोण करील, एवढेच त्याला गठ्ठ्यातून हुडकायचे असते. लिओनार्दो दा विंचीच्या वतीने १४८२ च्या सुमारास लिहिलेला नोकरीच्या अर्जाचा एक मसुदा आजही जपलेला आहे. तो आहे मिलानच्या लुदोविको स्फोर्त्साला उद्देशून. त्यात आधी येतात उचलून नेता येणारे हलके पूल, वेढ्याच्या वेळी खंदकातले पाणी काढण्याची युक्ती, तोफा. आपण चित्रेही काढतो, हे अगदी शेवटी. स्फोर्त्साला लढायांची काळजी होती आणि अर्जदाराने ती ओळखली होती.

आपल्याकडची वाणिज्य शाखेची एखादी मुलगी काय लिहिते? ‘मेहनती, प्रामाणिक, मिळूनमिसळून काम करणारी.’ हे तर सगळेच लिहितात. हीच मुलगी तीन वर्षे गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचा जमाखर्च सांभाळत असते. वर्गणीच्या पावत्या, मांडववाल्याचे बिल, शेवटी पैन्‌पैचा ताळमेळ. पण पगार मिळाला नाही म्हणून तिला ते ‘काम’च वाटत नाही. हिशेबनिसाच्या जागेसाठी खरे तर हीच ओळ सर्वांत वर हवी : किती वर्षे, किती पावत्या, हिशेब कोणी तपासला. आकडे मात्र खरेच हवेत. मुलाखतीत पहिला प्रश्न नेमका त्यांच्यावरच येतो.

जात आणि धर्म हे रकाने तर खासगी कंपनीच्या अर्जातून काढूनच टाकावेत. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवून पाहिले होते. बदलली होती फक्त नावे. २००७ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की दलित आणि मुस्लिम वाटणाऱ्या नावांना मुलाखतीची बोलावणी कमी आली. नाव लपवता येत नाही, लपवूही नये. पण आडनावावरून अंदाज बांधणाऱ्याच्या हाती आपणच आणखी पुरावा का द्यावा? सरकारी भरतीची गोष्ट वेगळी. तिथे ठरलेला नमुना असतो, आणि आरक्षणाचा हक्क घ्यायचा तर प्रवर्ग व दाखला हवाच.

बाकी थोडे. नव्या पदवीधराला एक पान पुष्कळ झाले. ‘वरील माहिती सत्य आहे’ ही खालची प्रतिज्ञा कोणी मागितली नसेल तर गाळावी. मजेत घेतलेला ई-मेलचा पत्ता बदलून साधा, नावाचा घ्यावा.

आणि पाठवण्यापूर्वी कागद शेजारच्या काकूंना अर्धा मिनिट वाचायला द्यावा, मग काय लक्षात राहिले ते विचारावे. ‘तुझे बाबा बँकेत आहेत ना?’ असे उत्तर आले, तर पुन्हा लिहायला बसावे.