तणाव तपासणी व्यवस्था (जपान)

तणाव तपासणी व्यवस्था ही कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्याच्या रक्षणासाठी जपानने केलेली कायदेशीर तरतूद आहे. १९७२ च्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य कायद्यात २०१४ साली दुरुस्ती करून ती आणण्यात आली आणि १ डिसेंबर २०१५ पासून लागू झाली. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कार्यस्थळी वर्षातून एकदा ही तपासणी करणे मालकावर बंधनकारक आहे. मनोविकाराचे निदान हा तिचा हेतू नाही. आपल्यावरील ताणाची जाणीव कर्मचाऱ्याला वेळीच व्हावी आणि मालकाने कामाची परिस्थिती सुधारावी, हा आहे.

पार्श्वभूमी

अतिश्रमामुळे ओढवणाऱ्या मृत्यूला जपानी भाषेत ‘करोशी’ म्हणतात. अतिश्रमातून घडणाऱ्या आत्महत्येसाठी ‘करो-जिसात्सु’ अशी वेगळी संज्ञा आहे. देन्त्सू या जाहिरात कंपनीतील एका २४ वर्षीय कर्मचाऱ्याने दीर्घकाळच्या जादा कामानंतर १९९१ मध्ये आत्महत्या केली. त्याच्या आईवडिलांनी कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. मृताचा स्वभावही या घटनेस कारणीभूत होता, असे मानून टोकियो उच्च न्यायालयाने भरपाई कमी केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २००० रोजी ही कपात अमान्य केली. साचत जाणारा थकवा व मानसिक भार यांमुळे कर्मचाऱ्याचे आरोग्य बिघडू नये याची काळजी घेणे मालकाचे कर्तव्य आहे, असे या निकालाने स्पष्ट केले. तोवर खाजगी दुर्बलता समजला जाणारा प्रश्न त्यामुळे मालकाच्या कायदेशीर जबाबदारीचा झाला. याच काळात, १९९८ पासून, देशातील वार्षिक आत्महत्यांची संख्या ३०,००० च्या वर गेली होती आणि २०११ पर्यंत ती त्याखाली आली नाही.

कार्यपद्धती

तपासणीसाठी बहुधा ५७ प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. कामाचा बोजा, शारीरिक व मानसिक लक्षणे, वरिष्ठ, सहकारी व कुटुंबीय यांचा आधार असे विषय तीत येतात. डॉक्टर, सार्वजनिक आरोग्य परिचारिका किंवा विहित प्रशिक्षण घेतलेले अन्य तज्ज्ञ ही तपासणी करतात. बढती, बदली किंवा बडतर्फीचा अधिकार असलेल्या व्यक्तीला त्या कर्मचाऱ्यांच्या तपासणीत भाग घेता येत नाही.

नेहमीच्या वार्षिक शारीरिक तपासणीचा अहवाल मालकाकडे असतो आणि ती करून घेणे कर्मचाऱ्यालाही बंधनकारक असते. तणाव तपासणीचे तसे नाही. ती नाकारण्याची कर्मचाऱ्याला मुभा आहे. निकाल थेट त्याच्याच हाती दिला जातो आणि त्याच्या संमतीशिवाय मालकाला कळवता येत नाही. विभागवार एकत्रित निष्कर्ष मालकाला मिळू शकतात, परंतु दहापेक्षा लहान गटाचे निष्कर्ष त्यातील सर्वांच्या संमतीविना दिले जात नाहीत.

मर्यादा

ही गोपनीयता एका टप्प्यावर संपते. तीव्र ताण आढळलेल्या व्यक्तीला डॉक्टरांची भेट हवी असल्यास तिने मालकाकडेच अर्ज करावा लागतो. त्यानंतर डॉक्टरांचे मत घेऊन कामाचे तास कमी करणे, काम बदलणे असे उपाय मालकाने योजायचे असतात. अर्जामुळे कर्मचाऱ्यावर अन्याय करण्यास कायद्याने मनाई आहे. तरीही ज्या कामाने आजारी पाडले त्याच कामाच्या ठिकाणी आपले नाव उघड करणे अनेकांना अवघड जाते. सरकारच्या २०१७ मधील पाहणीनुसार ८२.९ टक्के कार्यस्थळांनी तपासणी केली होती आणि तेथील ७८ टक्के कर्मचाऱ्यांनी ती करून घेतली होती. डॉक्टरांची भेट मात्र तपासणी झालेल्यांपैकी अवघ्या ०.६ टक्के लोकांनी घेतली.

कायद्यातील दंडाची रचनाही काहीशी चमत्कारिक आहे. तपासणी न केल्याबद्दल थेट शिक्षा नाही, पण कामगार निरीक्षण कार्यालयाकडे अहवाल न पाठवल्यास दंड होऊ शकतो.

संबंधित कायदे

प्रश्नावलीने कामाचे तास कमी होत नाहीत. त्यासाठी २०१८ च्या कार्यपद्धती सुधारणा कायद्याने जादा कामावर मर्यादा घातली. ती सर्वसाधारणपणे महिन्याला ४५ व वर्षाला ३६० तास आहे. अपवादात्मक परिस्थितीत मात्र वर्षाला ७२० तासांपर्यंत सूट मिळते. वरिष्ठांकडून होणारा छळ रोखण्याची जबाबदारी २०२० पासून मोठ्या आणि २०२२ पासून लहान कंपन्यांवर आली.

५० पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या कार्यस्थळांना आरंभी केवळ प्रयत्न करण्यास सांगण्यात आले होते. २०२५ मधील दुरुस्तीने तेथेही तपासणी बंधनकारक ठरवली असून अंमलबजावणीसाठी तीन वर्षांपर्यंतची मुदत आहे. सर्वजण एकमेकांना ओळखतात अशा छोट्या जागी उत्तरे गुप्त राखणे अधिक कठीण असल्याने तेथील तपासणी बाहेरील संस्थेकडे सोपवण्यावर भर दिला जात आहे.