दिंडीवरची पाळी

संपादकांनी मला पाठविले होते ते तुरुंगातील गर्दीविषयी लिहावयास. परंतु राज्यातील एका जुन्या कारागृहाच्या देवडीत शिरल्यावर, दोन दरवाजांमधल्या अंधाऱ्या चौकात किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभ्या असलेल्या हवालदाराने माझे लक्ष असे काही वेधून घेतले, की गर्दीचा विषय बराच वेळ बाहेरच ताटकळत राहिला.

कारागृहाचे महाद्वार म्हणजे वस्तुतः दोन द्वारे, आणि ती दोन्ही एकाच वेळी कदापि उघडी असू नयेत, हा तेथील सर्वांत जुना दंडक. येणारा इसम न्यायाधीश असो की पिठाची पोती वाहणारा हमाल, बाहेरच्या दिंडीतून वाकून आत येतो. ती कुलूपबंद होते, झडती होते, नोंदवहीत वेळ पडते, आणि मगच आतली दिंडी उघडते. त्या हवालदाराला किल्लीकडे पाहावे लागत नव्हते. बोटांनीच तो ती ओळखत होता. हे कौशल्य मी कौतुकाने पाहत आहे हे ध्यानी येताच तो म्हणाला, “पाणी प्यायला जायचं तरी आधी बदली माणूस मागावा लागतो, साहेब.” 1894 च्या ज्या कारागृह अधिनियमाच्या आधारे हा कारभार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्याने द्वारपालाला झडतीचा अधिकार दिला, तसेच कनिष्ठ कर्मचाऱ्याने अनुज्ञेवाचून तुरुंग सोडू नये अशी सक्तीही केली. बदली माणूस नसला, की पाळी संपते ती केवळ कागदावर.

येरवड्याच्या तुरुंगाचा इतिहास येथे सांगत बसण्याचे प्रयोजन नाही. तेथे झालेला 1932 चा पुणे करार वाचकांस ठाऊकच आहे. पण एक गोष्ट मनात आल्यावाचून राहत नाही. मंडालेत गीतारहस्य लिहिले गेले, धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने झाली, नाशिकच्या तुरुंगात श्यामची आई अवतरली. आपल्या वाङ्मयाने तुरुंग पाहिला तो असा सदैव बंदिवानाच्या डोळ्यांनी, आणि त्याच भिंतीच्या आत आयुष्य घालविणारा शिपाई मात्र त्या पानांच्या कडेला बुटांच्या आवाजापुरताच उरला.

आता आकड्यांकडे वळणे भाग आहे. आदर्श कारागृह नियमावलीने सहा बंद्यांमागे एक रक्षक असे प्रमाण घालून दिले. हे प्रमाण उदार वाटते खरे. परंतु दिवसाच्या तीन पाळ्या केल्या, की सर्व पदे भरलेली असतानाही एका वेळी अठरा बंद्यांमागे एक माणूस उरतो, आणि रजा, आजारपण, प्रशिक्षण यांचा हिशेब त्यानंतरचा. प्रत्यक्षात देशभरातील मंजूर पदांपैकी सुमारे तीस टक्के रिक्त आहेत. उलट 2022 अखेरीस 4,36,266 बंद्यांच्या जागेत 5,73,220 बंदी होते, आणि त्यांतील चारांपैकी तीन कच्चे कैदी.

ही तूट भरून निघते ती बंद्यांच्याच पदरातून. माणसे कमी पडली, की बराकी उशिरा उघडतात व लवकर बंद होतात. कारण संध्याकाळची गिनती जुळल्यावाचून कोणाचीही सुटका नाही, आणि गिनती जुळविणारे हात थोडे असले तर ती दिवस मावळण्याच्या कितीतरी आधी सुरू करावी लागते. बराकीतील बारीकसारीक देखरेख जुन्या पक्क्या कैद्यांवर सोपविली जाते. 1894 च्या त्या कायद्यानेच अशा कैदी-अंमलदारांस लोकसेवक मानले. बंदीच जेथे बंद्यांवर सत्ता चालवतात अशा बराकीत दुर्बलाचे काय होत असेल, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. पोलिसांची गारद मिळाली नाही, तर कच्च्या कैद्याची न्यायालयातील तारीख हुकते. तारीख हुकली, की तो आत राहतो. तो राहिला, की गर्दी वाढते, आणि वाढलेल्या गर्दीवर पहारा तेवढ्याच शिपायांचा.

पगाराहूनही हवालदारास बोचत होती ती प्रतिष्ठेची गोष्ट. आत काही आक्षेपार्ह सापडले, की चौकशी प्रथम देवडीवरच्या माणसाची. वर्षभर काही सापडले नाही, तर त्याची कोठे नोंद नाही. त्याच्या मुलाने पोलीस भरतीचा अर्ज भरला होता, कारागृहाचा नव्हे.

गर्दीवर उपाय म्हणून नव्या बराकी बांधण्याचे प्रस्ताव निघतात, व बांधकामासाठी निधीही मिळतो. मात्र प्रत्येक नव्या बराकीच्या कुलपाला तीन पाळ्यांचे तीन शिपाई लागतात, आणि नवी भरती होईतो ते कोणत्या जुन्या बराकीवरून काढावयाचे, हे अधीक्षकाने पाळीच्या त्याच जुन्या तक्त्यावर ठरवावयाचे असते.