आंबणे म्हणजे सडणे नव्हे

फळ सडले की त्याची दारू होते, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात किण्वन (यीस्टने साखरेचे मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये केलेले रूपांतर) ही वेगळी क्रिया आहे. विरजण लावले तर दुधाचे दही होते, नुसते ठेवले तर ते नासते, तसेच हे. डबाबंद ब्लूबेरीच्या गरातले यीस्ट उष्णतेने मेलेले असते. म्हणून परदेशातले हौशी वाइनकार त्यात साखर आणि ताजे यीस्ट घालतात. सोडियम बेंझोएटसारखे परिरक्षक असलेल्या रसात तेही धड वाढत नाही.

नीरेचे उलट. ताडा-शिंदीचा हा गोड रस झाडावरून उतरताच हवेतल्या यीस्टने आंबू लागतो. म्हणून मडक्याला आतून चुना लावतात आणि पहाटेच रस उतरवतात. वर्ध्याच्या मगनवाडीतील अखिल भारत ग्रामोद्योग संघाने (स्थापना 1934) याच रसाच्या ताडगुळाचा पुरस्कार केला. रस आटवला की किण्वनाचा प्रश्नच उरत नाही. वर्धा जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी आहे. तेव्हा ब्लूबेरी वाइनचा घरगुती प्रयोग, कितीही हौसेचा असला तरी, इथे गुन्हाच ठरतो.