सृष्टी, शेजारी आणि श्रद्धा : कॅथलिक सामाजिक शिकवण व वसईचा पाणीप्रश्न

प्रस्तावना

पर्यावरणाचा प्रश्न आणि सामाजिक न्यायाचा प्रश्न यांचा आपल्याकडे बहुधा स्वतंत्रपणे विचार केला जातो. पहिला विज्ञानशाखेकडे सोपवला जातो, तर दुसरा समाजशास्त्र व अर्थशास्त्र यांच्याकडे. धर्मश्रद्धेला या दोहोंत फारसे स्थान दिले जात नाही. कॅथलिक चर्चने १८९१ पासून क्रमाक्रमाने मांडलेल्या सामाजिक शिकवणीत मात्र हे दोन प्रश्न हळूहळू एकमेकांच्या जवळ येत गेले आणि २०१५ साली ते एकाच सूत्रात गुंफले गेले. ही वैचारिक वाटचाल समजावून देणे, हा प्रस्तुत लेखाचा पहिला उद्देश आहे. या विचाराची कसोटी महाराष्ट्राच्या भूमीवर, विशेषतः वसई परिसरात, कशी लागली हे पाहणे हा दुसरा उद्देश होय.

सामाजिक शिकवणीची जडणघडण

औद्योगिक क्रांतीनंतर युरोपातील कामगारांची जी दैना झाली, तिच्या पार्श्वभूमीवर पोप लिओ तेरावे यांनी १५ मे १८९१ रोजी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक प्रसिद्ध केले. न्याय्य वेतन, कामगारांचा संघटित होण्याचा हक्क आणि मालकवर्गाची कर्तव्ये यांचा ऊहापोह त्यात होता. खाजगी मालमत्तेचा हक्क या परिपत्रकाने मान्य केला. मात्र मालकी आणि विनियोग यांत भेद करणारी संत थॉमस अक्वायनस यांची भूमिकाही त्याने पुढे चालवली. वस्तू माझ्या मालकीची असली, तरी तिचा उपयोग करताना गरजवंताचा विचार करणे मला बंधनकारक आहे, असा या भूमिकेचा आशय आहे.

पुढे १९३१ साली पोप पायस अकरावे यांनी 'क्वाद्राजेसिमो आन्नो' या परिपत्रकात पूरकतेचे तत्त्व मांडले. जे कार्य लहान समुदाय स्वतः करू शकतो, ते त्याच्याकडून काढून मोठ्या सत्तेने आपल्या हाती घेऊ नये, असे हे तत्त्व सांगते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) पृथ्वीवरील संपत्ती सर्व मानवांसाठी आहे, या सूत्राचा ठाम पुनरुच्चार केला. लॅटिन अमेरिकेतील बिशपांच्या मेदेयीन (१९६८) आणि पुएब्ला (१९७९) येथील परिषदांमधून दरिद्री माणसाला अग्रक्रम देण्याचा विचार पुढे आला. सार्वत्रिक उपभोग, पूरकता आणि दरिद्र्यांचा अग्रक्रम ही तीन सूत्रे ध्यानात ठेवल्यास पुढील विवेचन सुकर होईल.

सृष्टीचा प्रश्न आणि एक गंभीर आक्षेप

या शिकवणीत प्रारंभी निसर्गाला स्वतंत्र स्थान नव्हते. भूमी ही श्रमाचे आणि मालकीचे साधन म्हणूनच तिच्यात येत होती. अमेरिकन इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ साली 'सायन्स' या नियतकालिकातील लेखात याहून मूलभूत आक्षेप घेतला. बायबलमधील 'उत्पत्ती' ग्रंथात मानवाला सृष्टीवर सत्ता दिलेली आहे; पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेने या वचनाच्या आधारे निसर्गाला केवळ उपभोग्य वस्तू मानले आणि आधुनिक पर्यावरणीय संकटाचे मूळ तेथे आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा सारांश सांगता येईल. त्याच लेखाच्या शेवटी त्यांनी असिसीच्या संत फ्रान्सिसना पर्यावरणवाद्यांचे आश्रयदाते संत मानावे, असेही सुचवले होते.

हा आक्षेप चर्चला डावलता आला नाही. पोप सहावे पॉल यांनी १९७१ सालच्या 'ऑक्टोजेसिमा आद्वेनिएन्स' या पत्रात निसर्गाच्या अविचारी शोषणाचा इशारा दिला. १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी संत फ्रान्सिसना पर्यावरणशास्त्राच्या उपासकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. १ जानेवारी १९९० रोजीच्या जागतिक शांतिदिनाचा त्यांचा संदेश तर संपूर्णपणे सृष्टीशी असलेल्या शांततेला वाहिलेला होता. बायबलच्या वाचनातही बदल झाला. 'उत्पत्ती'च्या पहिल्या अध्यायातील सत्तेचे वचन दुसऱ्या अध्यायाच्या प्रकाशात वाचले जाऊ लागले. तेथे मानवाला बागेत ठेवले जाते ते तिची मशागत करण्यासाठी आणि राखण करण्यासाठी. राखणदाराकडे अधिकार असतो, पण त्याचबरोबर त्याला हिशेबही द्यावा लागतो.

'लाउदातो सी' आणि समग्र पर्यावरणाची संकल्पना

पोप फ्रान्सिस यांनी २४ मे २०१५ ही तारीख असलेले 'लाउदातो सी' हे परिपत्रक १८ जून २०१५ रोजी प्रसिद्ध केले. सहा प्रकरणे आणि २४६ परिच्छेद असा त्याचा विस्तार आहे. त्याचे शीर्षक संत फ्रान्सिस यांच्या सृष्टिस्तोत्रातील उम्ब्रियन बोलीच्या शब्दांवरून घेतलेले आहे. हे परिपत्रक केवळ कॅथलिकांना उद्देशून नसून पृथ्वीवर राहणाऱ्या प्रत्येकाला उद्देशून आहे.

त्याचा गाभा चौथ्या प्रकरणातील समग्र पर्यावरणाच्या संकल्पनेत आहे. पर्यावरणीय आणि सामाजिक अशी दोन वेगळी संकटे आपल्यासमोर नसून एकच गुंतागुंतीचे संकट आहे, असे येथे प्रतिपादन केलेले आहे. नदी दूषित होते तेव्हा तिचे पाणी थेट पिणारा माणूस प्रथम आजारी पडतो. सधन माणूस बाटलीबंद पाणी विकत घेतो. त्यामुळे नदीची तक्रार आणि गरिबाची तक्रार वेगवेगळी नोंदवता येत नाही. सुरक्षित पिण्याचे पाणी हा मूलभूत मानवी हक्क आहे, असे हे परिपत्रक स्पष्टपणे म्हणते. प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांची चर्चा होत असताना स्थानिक रहिवाशांना विशेष स्थान असले पाहिजे, असाही त्याचा आग्रह आहे. या विषयाचा पाठपुरावा करणारे 'लाउदाते देउम' हे पत्र पोप फ्रान्सिस यांनी ४ ऑक्टोबर २०२३ रोजी प्रसिद्ध केले. २१ एप्रिल २०२५ रोजी त्यांचे निधन झाले.

तत्त्व कितीही सुसंगत असले, तरी त्याचे खरे मोल एखाद्या विशिष्ट भूप्रदेशातच कळते. महाराष्ट्रात अशी कसोटी 'लाउदातो सी'च्या सुमारे पंचवीस वर्षे आधीच लागली होती.

वसई : जमीन, बावखल आणि पाणी

उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर अशा सीमांमधील वसई तालुक्यात मोठा मराठीभाषक कॅथलिक समाज राहतो. १५३४ ते १७३९ या काळात येथे पोर्तुगीज सत्ता होती. धर्म बदलला तरी सामवेदी, वाडवळ, कोळी इत्यादी समाजांची बोली, शेती आणि मासेमारी टिकून राहिली. पश्चिम पट्ट्यातील केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला यांनी मुंबईची बाजारपेठ दीर्घकाळ पुरवली.

ही बागायत उथळ विहिरींच्या आणि बावखलांच्या आधारावर उभी होती. बावखल म्हणजे वाडीतील खोदलेले तळे. पावसाळ्यात ते भरते, त्यातील पाणी जमिनीत मुरून भोवतालच्या विहिरींना पोचते आणि पूर्वी रहाटाने तेच पाणी बागेला दिले जाई. किनारी भागात या व्यवस्थेचे महत्त्व विशेष आहे. येथे जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून १ मीटर वर असेल, तर समुद्रसपाटीखाली सुमारे ४० मीटर जाडीचा गोड्या पाण्याचा थर तोलला जातो, असा भूजलशास्त्रातील ढोबळ नियम आहे. म्हणजेच उपशामुळे वरची पातळी थोडीशी खालावली, तरी खालचे खारे पाणी बरेच वर सरकते. एकदा खारावलेली विहीर सहजासहजी गोडी होत नाही. त्यामुळे एका मालकाचा अमर्याद उपसा शेजाऱ्याच्या विहिरीवर परिणाम करतो. कागदोपत्री विहीर खाजगी असली, तरी तिच्यातील पाणी स्वभावतःच सामाईक असते. सार्वत्रिक उपभोगाचे तत्त्व येथे भूजलशास्त्राच्या भाषेतही सांगता येते.

हरित वसईची चळवळ

१९८० च्या दशकात मुंबईतील घरांच्या वाढत्या किमतींमुळे लोकवस्ती उत्तरेकडे सरकली. वसई परिसरात इमारती वाढल्या. नळाचे पाणी मात्र त्या वेगाने आले नाही. विहिरींतील पाणी टँकरने विकण्याचा व्यवसाय फोफावला. त्यातच वसईतील मोठे क्षेत्र बांधकामासाठी खुले करण्याचे शासकीय धोरण पुढे आले. या पार्श्वभूमीवर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीची चळवळ उभी राहिली. टँकरने होणारा पाणीउपसा, हरितपट्ट्यातील बांधकामे आणि त्यामागील दहशत यांविरुद्ध तिने आवाज उठवला. विविध धर्मांचे नागरिक तीत सहभागी झाले.

दिब्रिटो हे 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळ संपादक होते. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. धर्मगुरूने रस्त्यावर उतरावे काय, हा प्रश्न त्यांच्याबाबत उपस्थित झाला. वर विवेचन केलेली परंपरा लक्षात घेता त्याचे उत्तर होकारार्थीच येते. कारण पाणी हा केवळ भौतिक विषय नसून शेजारधर्माचा विषय आहे.

३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. अनेक गावांनी तीत जाण्यास विरोध केला. २०११ साली शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला आणि त्यावरून प्रदीर्घ न्यायालयीन वाद चालला. ग्रामपंचायत टिकवण्याचा हा आग्रह म्हणजे वस्तुतः पूरकतेच्या तत्त्वाचाच लोकव्यवहारातील आविष्कार होता. दरम्यान बावखले आणि नैसर्गिक नाले बुजत गेले. जुलै २०१८ मधील अतिवृष्टीत वसई-विरारमधील अनेक वस्त्या दिवसेंदिवस पाण्याखाली राहिल्या. पाणी मुरण्याची आणि वाहून जाण्याची जागा नाहीशी केल्यावर ते घरात शिरणार, हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज नव्हती.

सूर्या खोरे : कसोटीची दुसरी बाजू

येथवरचे विवेचन वसईच्या शेतकऱ्याला न्याय देणारे आहे. तथापि समग्र पर्यावरणाची संकल्पना प्रामाणिकपणे स्वीकारली, तर ती वसईकरांनाही अवघड प्रश्न विचारते.

पहिला प्रश्न जमिनीचा आहे. हरितपट्टा केवळ बाहेरच्या शक्तींनी गिळला, असे म्हणता येत नाही; ज्या जमिनी विकल्या गेल्या त्यांतील अनेकींवर स्थानिक मालकांच्याच सह्या होत्या. दुसरा प्रश्न नवागतांचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. नालासोपाऱ्याच्या चाळीत राहून पहाटेची लोकल पकडणारा कामगार हा वसईचा शत्रू नव्हे. मुंबईने ज्याला घर नाकारले असा तो शेजारी आहे. हिरवाई राखण्याचा आग्रह त्याला हाकलण्याची भाषा बोलू लागला, तर तो कॅथलिक शिकवणीच्या कसोटीस उतरणार नाही.

तिसरा प्रश्न पाण्याचा, आणि तो सर्वांत तीक्ष्ण आहे. स्थानिक विहिरी पुरेनाशा झाल्यावर वसई-विरारची भिस्त सूर्या प्रकल्पावर आली. सूर्या ही वैतरणेची उपनदी. विक्रमगड तालुक्यातील धामणी येथील धरण मुळात सिंचनासाठी योजलेले होते आणि त्याचा परिसर बहुतांशी आदिवासी आहे. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या सूर्या योजनेची क्षमता प्रतिदिन ४०३ दशलक्ष लिटर आहे. त्यांपैकी १८५ दशलक्ष लिटर पाणी वसई-विरारसाठी आणि २१८ दशलक्ष लिटर मीरा-भाईंदरसाठी आहे. सिंचनाचे पाणी शहरांकडे वळवण्यास पालघर जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी व आदिवासींनी विरोध केला. टँकरने वाडीतील पाणी शहराकडे नेले तेव्हा वसईचा शेतकरी जे बोलत होता, तेच सूर्या खोऱ्यातील आदिवासी बोलत आहे. केवळ टँकरच्या जागी जलवाहिनी आली आहे.

याच जिल्ह्याच्या उत्तर भागात सामाजिक शिकवणीचा आणखी एक धागा आढळतो. १९७८ साली डहाणू परिसरात स्थापन झालेल्या कष्टकरी संघटनेचे एक संस्थापक प्रदीप प्रभू हे पूर्वाश्रमीचे जेझुइट धर्मगुरू पीटर डिमेलो. वारली आदिवासींचा जमिनीवरील व जंगलावरील हक्क हा या संघटनेचा मुख्य विषय राहिला. हरित वसई आणि कष्टकरी संघटना हे दोन प्रवाह वेगवेगळ्या मार्गांनी गेले. एक बागायतदारांच्या वाडीतून निघाला, दुसरा वनजमीन कसणाऱ्यांच्या पाड्यातून. परंतु सूर्येचे पाणी आता या दोन्ही प्रदेशांना जोडते, आणि त्यामुळे त्यांचे प्रश्नही वेगळे ठेवता येत नाहीत.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. कॅथलिक सामाजिक शिकवणीत पर्यावरणाचा विचार बाहेरून आणून जोडलेला नाही. मालकी आणि विनियोग यांतील जुन्या भेदाचाच तो विस्तार आहे.

२. वसईचा अनुभव दर्शवतो की, हा विचार अधिकृत परिपत्रकाच्या रूपाने येण्यापूर्वीच मराठी भूमीत विहिरी व बावखलांच्या प्रश्नातून आकारास आला होता.

३. दरिद्र्यांचा अग्रक्रम हे सूत्र वगळले, तर पर्यावरणरक्षण हे एका गटाच्या हितरक्षणात परिणत होण्याचा धोका असतो. वसईचे पाणी राखणे आणि सूर्या खोऱ्याला त्याचा वाटा देणे ही एकाच न्यायाची दोन अंगे आहेत.

व्यवहारात याचा अर्थ असा की, उरलेली बावखले जतन करणे, इमारतींवर पडणारे पावसाचे पाणी जमिनीत मुरवणे आणि सांडपाण्याचा पुनर्वापर करणे ही केवळ स्थानिक सोय ठरत नाही. शहर स्वतःच्या भूमीवर जेवढे पाणी राखील, तेवढी दूरच्या खोऱ्याकडे करावयाची मागणी कमी होईल. महाविद्यालयीन अध्यापकांना या कामी थेट सहभाग घेता येईल. परिसरातील बावखलांची नोंद, विहिरींच्या पातळीचे व क्षारतेचे ऋतुनिहाय मापन, तसेच वृद्ध शेतकऱ्यांकडून रहाटाच्या काळातील माहितीचे संकलन हे भूगोल, रसायनशास्त्र आणि समाजशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन करण्याजोगे काम आहे. ही नोंद आज झाली नाही, तर कोणते बावखल कोठे होते हे सांगणारी पिढीही फार काळ उरणार नाही.