भाड्याचे घर आणि मालकाची पाहणी
१ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा झाला; बदलीवर आलेले अनेक शिक्षक, कारकून येथे भाड्याने राहतात. घर आपले, तेव्हा केव्हाही आत शिरावे, असे काही मालकांना वाटते. कायद्यास ते मान्य नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २८ नुसार मालकास पाहणीचा हक्क आहे. पण पूर्वसूचना देऊन व वाजवी वेळीच. सूचना किती आधी द्यावी, हे मात्र कलम सांगत नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात चोवीस तासांची मुदत आहे; तीच करारात लिहून घ्यावी. गळके छप्पर पाहण्यास मालकाने अवश्य यावे. परंतु ज्या दारातून कोणीही अवचित आत येतो, तेथे भाडे भरूनही घर लाभत नाही.